मोटर सात : माणूस

तुमच्यातले बरेच जण मला ओळखत असतील. कुणी अमावास्येचा, कुणी पांढऱ्या साडीचा, कुणी आपोआप वाजणाऱ्या पैंजणांचा अनुभव टाकला की खाली पहिली कमेंट माझी असते — "पुरावा काय?" दोघातिघांनी मला ब्लॉकही केलंय. तेव्हा आज मीच इथे अनुभव लिहायला बसलेली बघून तुम्हाला जो आनंद व्हायचाय तो होऊन जाऊ द्या. मी थांबते... झालं? आता ऐका.

माझं मत अजून तेच आहे. भूत, आत्मा, करणी — मी यातलं काही मानत नाही. पण माझे सुपडूकाका आज जिवंत आहेत आणि ते कशामुळे जिवंत आहेत हे मला सांगता येत नाही. मी शोधून काढणारच, असा हट्ट धरून मी उरलेला उन्हाळा आणि वर पावसाळ्याचा अर्धा भाग त्यात घातला. तरी सांगता येत नाही. इथे कॉम्प्युटरमधली माणसंही बरीच आहेत. कुणाला माझी चूक सापडली तर मी खरंच पाया पडेन.

मी बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात राहते. घरीच कॉलेजच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते आणि बाहेरगावच्या लोकांचा गबाळा मजकूर साफ करून देण्याची कामं घेते. वडील मी पाचवीत असताना गेले. त्यानंतर मला वाढवलं ते सुपडूकाकांनी. "पोरगी शिकून काय दिवे लावणार" म्हणणाऱ्या भाऊबंदांना तोंडावर शिव्या देऊन त्यांनी मला इंदूरला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. काका-काकींना मूलबाळ नाही. मी त्यांची आणि ते माझे, असा सरळ हिशेब आहे.

काकांची शेती इच्छापुरच्या रस्त्याला. केळी. उन्हाळ्यात केळीला पाण्याची एक पाळी चुकली तरी झाड मान टाकतं. त्यामुळे आमच्याकडे घरातल्या माणसापेक्षा मोटरीची विचारपूस जास्त होते. हल्ली सगळ्यांच्या मोटरींवर मोबाइल स्टार्टर बसलेत. म्हणजे स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड आणि लाइट नसतानाही चालणारी छोटी बॅटरी असते. लाइट आली, मोटर चालू झाली, बंद पडली, पाणी संपलं — पेटी मेसेज पाठवते. आपणही मेसेज करून मोटर चालू-बंद करू शकतो. आणि पेटी "ऑटो"वर ठेवली की लाइट आल्याबरोबर थोड्या वेळाने मोटर आपली आपण सुरू होते.

सोय चांगली, पण काकांच्या फोनवर मेसेजचा नुसता चिखल व्हायचा. पेटीचे मेसेज, रिचार्जचे मेसेज, लोनवाल्यांचे मेसेज... एकदा पाणी संपल्याचा मेसेज त्या गर्दीत दिसला नाही आणि मोटर जळली. तेव्हा मी म्हटलं, द्या इकडे. काकांच्या आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या मिळून दहा-बारा मोटरी होत्या. त्या सगळ्या पेट्यांचे मेसेज मी माझ्या घरातल्या एका जुन्या लॅपटॉपला लावलेल्या मोडेमवर वळवले आणि पायथॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली.

आता जरा वर्गात बसल्यासारखं ऐका, कारण सगळी भानगड इथेच आहे. मजकुरातून आपल्याला हवं तेवढंच वेचायचं असेल तर आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितो. रेजेक्स म्हणतात त्याला. ही एक चाळणी समजा, फक्त तिची भोकं कोणत्या आकाराची ठेवायची ते तुम्ही अक्षरांनी सांगायचं. माझी चाळणी अशी होती : अगदी सुरुवातीला इंग्रजी एम, मग मोटरचा दोन आकडी नंबर, मग एक मोकळी जागा, मग चार इंग्रजी शब्दांपैकी एक. लाइट आली, चालू, बंद, पाणी नाही — ह्या अर्थाचे ते चार शब्द. आणि मेसेज तिथेच संपला पाहिजे. पुढे-मागे एक अक्षर जास्त असलं तरी मेसेज कचऱ्यात. सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावून दोन्हीकडून खिळे ठोकलेले. 'काहीही चालेल' म्हणून डॉट-स्टार लिहिणाऱ्या पोरांना मी वर्गात उभं करते, तेव्हा स्वतः तसलं काही लिहिणार नाही.

चाळणीतून मेसेज खाली आला की स्क्रिप्ट त्यातला मोटरचा नंबर आणि शब्द असे दोन तुकडे काढून घेते आणि शब्दाप्रमाणे काम करते. चार शब्दांची चार कामं. आणि सगळ्यात शेवटी मी सवयीने एक 'नाहीतर' लिहिलं होतं — ह्या चारांपैकी एकही शब्द नसेल तर मोटर बंद करून कुलूप लाव, म्हणजे लाइट आली तरी ती सुरू होणार नाही, आणि बझर वाजव. म्हणजे कळलं नाही तर बंद. हे 'नाहीतर' कधी चालणं शक्यच नव्हतं, कारण चारांखेरीज पाचवा शब्द चाळणीतून खालीच येऊ शकत नाही. पण गाडीत स्टेपनी ठेवतो तशी ती ओळ ठेवली होती.

मे महिन्याची दुपार. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेतीची लाइट त्या आठवड्यात दुपारी चारला यायची. मी जेवून पोरांचे पेपर तपासत होते आणि बझर वाजला.

स्क्रीनवर ओळ आली होती. मोटर : ०७. शब्द : माणूस.

देवनागरीत. मा-णू-स. आणि पुढे — सातला बंदचा आदेश पाठवला, कुलूप लागलं.

मला भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. माझ्या प्रोग्राममध्ये किडा! महिनोन् महिने हात न लावलेल्या प्रोग्राममध्ये! मूळ मेसेज काय होता म्हणून बघायला गेले तर ती जागा कोरी. स्क्रिप्ट प्रत्येक मेसेज जसाच्या तसा आधी लिहून ठेवते आणि मग चाळते. इथे चाळलेलं होतं, पण चाळायला घेतलेलं काहीच नव्हतं. मी मोडेम उघडून बघितलं. सकाळपासून सातच्या पेटीचा एकही मेसेज नाही.

मी खुर्ची ओढून बसले. मोटर सात म्हणजे नाल्याकडची जुनी विहीर. बोअरचं पाणी त्या विहिरीत साठवतात आणि तिथून खालच्या बागेला देतात. ती मोटर दोन दिवस सारखी ट्रिप होत, म्हणजे मधेच आपोआप बंद पडत होती, एवढं मला ठाऊक होतं. पण ट्रिप होणाऱ्या मोटरीला मराठी कुठून येणार?

मी कोड वाचत असतानाच मोडेमवर मेसेज येऊ लागले. एकला लाइट आली. दोनला लाइट आली. सातला लाइट आली... चारला यायची लाइट त्या दिवशी बरीच आधी आली होती. पाठोपाठ एकेक मोटर आपली आपण सुरू झाल्याचे मेसेज. सात सोडून सगळ्या. आणि काकींचा फोन.

"अवं बाई, लाइट आली नं! खालच्या बागात पानी नाही, सातची मोटर काऊन चालू होत नाही?"

"मी बंद केलीये काकी. म्हणजे... कॉम्प्युटरने केलीये."

"मंग कर नं चालू! कालपासून पानी नाही त्या बागाले. काय लाइट वापस गेल्यावर करशील का?"

माझं बोट कीबोर्डवरच होतं. एक आदेश टाइप करून एंटर मारायचं, बस. किडा नंतर शोधता आला असता. तरी बोट पुढे जाईना. मी कुठला संकेत-बिंकेत मानला असं कृपा करून समजू नका. माझा एक नियम आहे, मी मुलांनाही तोच शिकवते. प्रोग्राम का थांबला हे कळल्याशिवाय तो पुन्हा चालवायचा नाही. वैताग आला तरी नाही. पण खरं सांगायचं तर स्क्रीनवरचा तो शब्दही माझ्याकडे बघत होता.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते तं मघाच गेले बुऱ्हानपूरले, केळाच्या गाडीचं पाहाले. तुह्याकडंच येतीन चहाले. तू मोटर चालू कर."

"काकांना फोन लावा."

"लावला, उचलत नाहीत. गाडीवर असतीन. अवं, करते का नाही?"

"नाही."

"काय नाही?"

"चालू करणार नाही. आधी तुम्ही विहिरीवर जाऊन बघा."

काकी जे बोलल्या ते सगळं इथे लिहीत नाही. एवढ्या उन्हात, गुडघे दुखत असताना, कॉम्प्युटरवाल्या बाईच्या खुळापायी... पोरगी शिकली आणि डोक्यावर बसली... वाळलेल्या बागेला मी जबाबदार... मी म्हटलं, "हो, मी जबाबदार. फोन चालू ठेवा आणि जा." असं काकींशी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्या पुटपुटत का होईना निघाल्या.

शेतातल्या घरापासून विहीर लांब नाही, पण केळीतून जावं लागतं. फोनमधून वाळलेल्या पानांचा आवाज आणि काकींचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "अवं, यांची गाडी हाये इथं..." आणि मग, "सदरा बी हाये झाडाले." मग काकी ओरडल्या. शब्द कळला नाही, नुसतं ओरडणं. त्याच्या मागून, खोलातून, काकांचा आवाज आला.

"बोंबलते काऊन? टेप दे खाली, काळा टेप. डिकीत हाये."

काका विहिरीत होते. बुऱ्हाणपूरला निघालेला माणूस वाटेत विहिरीवर थांबला होता. मोटर ट्रिप होते ती केबलच्या जॉइंटमुळे, हे त्यांनी ओळखलं होतं. लाइट चारला येणार, तोवर जोडून टाकू, म्हणून ते सदरा काढून, फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून, लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरले. कंबरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी जुना जॉइंट चाकूने कापला होता. तांब्याची तीन उघडी टोकं त्यांच्या हातात होती. पेटी वर, केळीच्या पलीकडे, ऑटोवर.

हे फक्त काकाच करतात असं नाही. आमच्याकडे सगळे करतात. पेटीपर्यंत चालत जाऊन स्विच पाडायचा कंटाळा, आणि लाइटच्या टाइमटेबलवर देवापेक्षा जास्त भरवसा. चार म्हणजे चार. ऑटो स्टार्टर नव्हते तेव्हा हे चालून जायचं, लाइट लवकर आली तरी मोटर बटण दाबल्याशिवाय सुरू होत नव्हती. आता होते.

"टेप ठेवा खड्ड्यात!" काकी रडत म्हणाल्या. "लाइट आली हाये!"

मग काका अगदी हळू म्हणाले, "कवा आली?"

मी स्कूटी काढली आणि लू खात तिथे पोचले. काका विहिरीच्या कठड्यापाशी उघडेच बसले होते, पायजमा ओला. मला बघून हसायला गेले, पण हसू काही नीट जमलं नाही. मी त्यांच्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले... आणि मग त्यांचे हात धरून रडले. ते हात थंडगार होते, मे महिन्यात. दुसरं काही सुचेना म्हणून मी ते चोळत बसले.

आता पुढचं. घरच्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. काकी म्हणाल्या, इच्छापुरच्या इच्छादेवीनं वाचवलं. त्या ओटी भरून आल्या. शेजारचे शेतकरी नारळ घेऊन माझ्याकडे आले, आणि मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात काकांनी माझ्या मोडेमला हळद-कुंकू लावलं! तांदूळ कीबोर्डमध्ये गेले ते अजून निघाले नाहीत. मी चिडले तर म्हणतात, "तुले काय तरास होते? त्याचं काम त्यानं केलं."

त्रास मला होता, आणि तो असा. जी स्क्रिप्ट कारण नसताना मोटर बंद करते, ती उद्या कारण नसताना चालूही करेल. त्या दिवशी काका वाचले म्हणून नारळ फोडता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या हातात तारा असल्या तर? मी सगळ्यांना सांगून टाकलं — कारण सापडेपर्यंत ही स्क्रिप्ट कुठलीही मोटर चालू करणार नाही. फक्त बंद करेल. चालू करायची तर पेटीपर्यंत चालत जा. लोक नाराज झाले. होऊ दे म्हटलं.

आणि मी शोधायला बसले. पहिला संशय पेटीवर. मोटर वाइंडिंगवाले रईसभाई आमच्याकडचे जाणते. त्यांनी सातची पेटी पूर्ण खोलून टेबलावर मांडली. "दीदी, बंद करने का मैसेज इसको मिला है, टाइम भी वही है," ते म्हणाले. "पर इसने आपको कुछ भेजा नहीं. भेजती तो बैलेंस कटता." सिमचा हिशेब मागवला. खरंच, त्या वेळी सातच्या सिमवरून काहीही गेलं नव्हतं.

मग चाळणी. मी माझ्याच फोनवरून तोच शब्द पाठवला. मोडेमवर देवनागरी देवनागरी म्हणून येतच नाही, प्रत्येक अक्षराचा आकडी कोड येतो, नुसती लांबलचक रांग. स्क्रिप्टने ती कचऱ्यात टाकली, जशी टाकायला हवी तशी. अर्धवट मेसेज पाठवले, जोडून आलेले, कोरे, एकाच क्षणी दहा फोनवरून दहा. मोडेम तापवलं, वायर हलवली, लॅपटॉपचा प्लग मधेच उपटला. इथले जाणकार म्हणतील, नवीन पायथॉनमध्ये आकड्याची खूण देवनागरी आकडेही पकडते. हो, पकडते, मला माहीत आहे. पण ती आकड्याची गोष्ट झाली. चार ठरलेल्या शब्दांच्या जागी पाचवा कसा पकडला जाईल? इंदूरच्या दोन मित्रांना कोड दिला. दोघांनीही आधी "काहीतरी साधी चूक असेल" म्हणून हसून घेतला आणि काही दिवसांनी "चूक सापडत नाही" म्हणून परत केला. कुणी माझ्या लॅपटॉपवर बसून ती ओळ लिहिली म्हणावं तर घरात मी एकटी होते. आणि लिहिणारा लिहील तरी काय? त्याला कुठून माहीत असणार?

पावसाळा सुरू झाला तरी मी तिथेच अडकलेली. एक दिवस काका आले, भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन. माझ्या शेजारी बसून ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"ते कसं आलं ते राहू दे एक घडी," ते म्हणाले. "पुन्हा येईल का, तेवढं सांग."

"नाही सांगू शकत काका. येणं शक्यच नव्हतं, तर पुन्हा येईल कशावरून?"

"मंग त्याच्या भरवशावर काऊन बसायचं? आता आपन पाठवू."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्याच दिवशी काम सुरू केलं. चार शब्दांच्या चाळणीला मी पाचवं भोक पाडलं. आकडी कोड आधी देवनागरीत आणायचा, मग त्यात मोटरचा नंबर आणि 'माणूस' शोधायचं. सापडला की त्या मोटरला कुलूप. काकांच्या आणि सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनमध्ये मेसेज तयार करून ठेवलाय, एक बोट दाबलं की जातो. विहिरीत उतरण्याआधी तो पाठवायचा. माझ्याकडे कुलूप लागलं की मी फोन करून सांगते, उतरा. आणि वर आल्यावर त्या माणसाने स्वतः, स्वतःच्या आवाजात मला सांगायचं, तेव्हाच कुलूप निघणार. मेसेजवर नाही, बायकोच्या सांगण्यावर नाही. सुरुवातीला लोक हसले. काका प्रत्येकाच्या बांधावर जाऊन बसले आणि त्यांनी ते करून घेतलं. जो ऐकत नव्हता त्याला आपल्या हाताचे तळवे दाखवत म्हणाले, "ह्या हातात तीन तारा होत्या, बापा." आता सगळे पाठवतात.

गेल्या आठवड्यात काका पुन्हा त्याच विहिरीत उतरले. माझ्या स्क्रीनवर ओळ आली, मोटर ०७, माणूस. पुढे काकांचा नंबर, वेळ, मूळ मेसेज, सगळं जिथल्या तिथे. मी काकांना फोन करून उतरा म्हटलं आणि फोन हातात धरून बसून राहिले, पोरांना म्हटलं थांबा जरा. मग फोन वाजला. "आलो वं वर," काका म्हणाले, आणि मी कुलूप काढलं.

अशा आता कितीतरी ओळी आहेत. प्रत्येकीच्या पाठीमागे एक फोन आहे आणि तो दाबणारा माणूस आहे. फक्त त्या पहिल्या ओळीच्या पाठीमागे कुणी नाही. त्या दुपारी विहिरीत माणूस आहे हे काकींना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि काकांना वर लाइट आलेली माहीत नव्हती. तरी कुणाला तरी सगळं माहीत होतं. कुणाला, ते मी अजून शोधते आहे.